प्रथिनांची घडी आणि शाळेंतील संशोधक

संशोधन हें पदवीधरांचें काम, शाळेंतील मुलांनीं पाठांतर करावें, असा समज आमच्या पालकवर्गांत रूढ आहे. निदान एका शास्त्रापुरता तरी तो आतां सोडावा, असें आमचें नम्र मत आहे. तें शास्त्र म्हणजे प्रथिनांच्या रचनेचें.

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ. ती ठराविक रीतीनें दुमडली, म्हणजेच बहुधा कामास येते. रक्तांतील हिमोग्लोबिनच्या बीटा साखळींत सहाव्या जागचें एकच आम्ल बदललें, कीं प्राणवायु सोडल्यावर त्याचे रेणु एकमेकांस चिकटतात आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकतात. विदर्भांतील व नंदुरबारकडील कित्येक घरांस हा सिकलसेल रोग परिचित आहे.

या विद्येंत आपला देश मागें नव्हता. प्रथिनांची साखळी कोणत्या कोनांत वळूं शकते, याचा आलेख १९६३ सालीं मद्रासेंत गो. ना. रामचंद्रन व त्यांचे सहकारी यांनीं सिद्ध केला. तो आजहि जगभर वापरांत आहे.

आज तर साधनें घरबसल्या मिळतात. १९७१ सालीं स्थापन झालेल्या ‘प्रोटीन डेटा बँके’त दोन लाखांहून अधिक रचना कोणासहि विनामूल्य पाहतां येतात. २००८ सालीं वॉशिंग्टन विद्यापीठांतून ‘फोल्डिट’ हा संगणकावरील खेळ निघाला. माकडांच्या एका विषाणूंतील प्रथिनाची रचना शास्त्रज्ञांस दहा वर्षांहून अधिक काळ उकलत नव्हती. ती २०११ सालीं प्रसिद्ध झाली, ती याच खेळांतील हौशी खेळाडूंनीं रचलेल्या नमुन्याच्या आधारें.

यावर कोणी म्हणेल, आतां ‘अल्फाफोल्ड’ ही संगणकप्रणाली रचनेचें भाकीत करते. तिच्यासाठीं डेमिस हॅसाबिस व जॉन जंपर यांस २०२४ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक डेव्हिड बेकर यांजबरोबर विभागून मिळालें. मग मुलांस उरलें काय? आमचें उत्तर असें कीं, यंत्र शेवटची घडी सांगतें; माळ त्या घडीपर्यंत कोणत्या वाटेनें जाते, हें अद्याप पुरतें उलगडलेलें नाहीं. शिवाय भाकीत प्रयोगानें ताडून पाहावें लागतेंच.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, आपल्या चिरंजीवांस व कन्यांस आठवड्यांतून एक तास या कामासाठीं मोकळा द्यावा. विद्यार्थ्यांनीं शिक्षकांच्या मदतीनें हिमोग्लोबिनची रचना उघडावी, ती सहावी जागा शोधावी आणि मनांत येणारे प्रश्न वहींत टिपून ठेवावे. त्यास परीक्षेंत गुण मिळणार नाहींत. परंतु ज्याचें उत्तर पुस्तकांत छापलेलें नाहीं, असा प्रश्न विचारण्याची संवय लागेल. आणि संशोधनाचा आरंभ तेथूनच होतो.