उन्हाच्या देशातील ठिसूळ हाडे

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात महाराज बाड्यालगत टोपी बाजार आहे. शिंदेशाहीत मराठी कुटुंबे ज्या परिसरात स्थिरावली, तोच हा परिसर. मे महिन्यात तेथे पारा पंचेचाळीस अंशांकडे झेपावतो. परंतु सकाळपासून रात्रीपर्यंत दुकानाच्या गादीवर बसणाऱ्याच्या अंगाला ते ऊन क्वचितच लागते. म्हापसा किंवा मडगावच्या बाजारातील चित्र निराळे नाही. ऊन मुबलक आणि शरीरात ड जीवनसत्त्व तोकडे, या विसंगतीचे मूळ येथेच सापडते.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. २५ ते ३५ वर्षे वयाच्या निरोगी तरुणांपैकी सुमारे ७० टक्के जणांत हे जीवनसत्त्व कमी आढळले. मात्र ही केवळ आधुनिक राहणीची देणगी नव्हे. हचिसन आणि शाह यांनी नाशिकच्या निरीक्षणांवर आधारलेला शोधनिबंध १९२२ मध्येच प्रसिद्ध केला होता. संपन्न घरांत, पडद्याआड राहणाऱ्या स्त्रिया व मुलांत मुडदूस आणि हाडे मऊ पडण्याचा विकार त्यांना दिसला. निकृष्ट अन्नावर जगणाऱ्या, पण उघड्यावर वावरणाऱ्या गरिबांत तो विरळा होता.

हा धागा पुढे नेणारे महत्त्वाचे काम पुण्यात झाले. हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेतील डॉ. अनुराधा खाडिलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी वंचित कुटुंबांतील मुलामुलींच्या हाडांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. किशोरवयीन मुलींना वर्षभर ड जीवनसत्त्व दिल्यावर हाडांना लाभ झाला तो मुख्यतः पाळी सुरू होऊन दोन वर्षे उलटली नव्हती अशा मुलींना. दुसऱ्या प्रयोगात लहान मुलांना लाडवांतून कॅल्शियम दिले गेले. ड जीवनसत्त्व दोन्ही गटांना मिळाले. तरीही ज्यांच्या लाडवात कॅल्शियम अधिक होते, त्यांच्या हाडांत खनिजांचा साठा अधिक वाढला. म्हणजे हाडे भरण्याचा काळ मर्यादित असतो आणि कॅल्शियम अपुरे असेल तर नुसते ड जीवनसत्त्व पुरेसे ठरत नाही.

या निष्कर्षांकडे पाठ फिरवून आज गोळ्या आणि पुड्यांची सर्रास विक्री होते, हा खरा चिंतेचा विषय. अमेरिकेत २५ हजारांहून अधिक प्रौढांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०२२ मध्ये जाहीर झाला. रोज ड जीवनसत्त्व घेऊनही अस्थिभंगाचे प्रमाण घटले नाही. त्यातील बहुतेकांत मुळात कमतरता नव्हती, म्हणून तो निष्कर्ष आपल्या कुपोषित किशोरींना जसाच्या तसा लागू होत नाही. पण गरज नसलेल्याने औषध घेऊन हाड बळकट होत नाही, एवढे त्यातून स्पष्ट होते. उलट, हे जीवनसत्त्व चरबीत साठते. ६० हजार एककांची साप्ताहिक मात्रा वैद्यकीय सल्ल्याविना महिनोन्‌महिने चालू ठेवली, तर रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

सकाळच्या कोवळ्या उन्हाविषयीचा समजही तपासून पाहावा लागेल. त्वचेत ड जीवनसत्त्व निर्माण करणारे अतिनील किरण त्या वेळी क्षीण असतात. ते प्रभावी असतात साधारण अकरा ते तीन या वेळेत. नेमक्या त्याच वेळी मुले वर्गात आणि कर्मचारी कार्यालयात असतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दररोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ६०० एकके ड जीवनसत्त्वाची शिफारस केली. गोव्यासारख्या राज्याला हे साधणे अवघड नाही. तारली आणि बांगड्यांत ड जीवनसत्त्व आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. माध्यान्ह आहार पुरवणाऱ्या महिला स्वयंसाहाय्य गटांच्या पाककृतींत नाचणीला नियमित स्थान देणे आणि मधली सुट्टी मैदानावर घालवू देणे, यांस मोठा खर्च लागत नाही. सातवी-आठवीच्या मुलीच्या हाडांत आज जे साठेल, त्यावरच तिच्या साठीतील चालणे अवलंबून राहणार आहे. ती वेळ टळली, तर पुढे कितीही पुड्या घेतल्या तरी ती उणीव पूर्णपणे भरून निघणे कठीण.