पलटणीच्या तिकिटावर माणूस दिसू द्या

मा. सचिव, डाक विभाग, आणि फिलाटेलिक सल्लागार समितीचे सदस्य, नवी दिल्ली, यांस



लष्कराच्या पलटणींवर आपण काढलेली तिकिटे मी आवडीने जमवतो. त्यांतली बरीचशी एकाच साच्यातली वाटतात: रेजिमेंटचे मानचिन्ह, संचलनाच्या पोशाखातला कुणीही असू शकेल असा जवान, स्थापनेचे साल. ज्यांनी पलटणीचा इतिहास घडवला ते त्यावर क्वचितच दिसतात. मराठा लाइट इन्फंट्रीचा गौरव करणारे यापुढचे तिकीट काढाल, तेव्हा हा साचा मोडा, ही विनंती.

या रेजिमेंटची जंगी पलटण 1768 सालची. पहिल्या महायुद्धात कूत-अल-अमारा इथे तुर्कांनी घातलेला वेढा 147 दिवस चालला. आत अडकलेल्या फौजेत तीन मराठा पलटणी होत्या. उपासमारीने सगळे खंगले आणि 29 एप्रिल 1916 रोजी फौजेला शरण जावे लागले. पुढे अनेकांचा शेवट कैदेत झाला. विजयाच्या यादीत न बसणारा हा प्रसंगही रेजिमेंटच्या इतिहासाचाच भाग आहे, आणि तिकिटासोबतच्या माहितीपत्रकात तो यायला हवा.

तिकिटावर कोण असावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे. इटलीतल्या टायबर नदीच्या खोऱ्यात, 10 जुलै 1944 रोजी, मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच त्या मशीनगनच्या मोर्च्यावर धावून गेले. हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली आणि टॉमीगनमधल्या गोळ्या संपल्यावर तिच्याच दस्त्याने शेवटच्या दोघांना लोळवले. लगेच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. वय बावीस. त्यांची कबर कुठे आहे, हे कुणाला माहीत नाही.

दुसरे शिपाई नामदेव जाधव. 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीच्या काठी त्यांनी जखमी साथीदारांना खोल पाण्यातून, चढ्या बांधावरून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुखरूप आणले. मग परत जाऊन मशीनगनचे तीन मोर्चे गप्प केले. हाताला जखम झाली म्हणून बंदूक चालेना, तेव्हा बॉम्ब फेकून लढले. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभे राहून त्यांनी पलटणीची रणगर्जना केली आणि मागच्या कंपन्यांना हात हलवून पुढे बोलावले. कसबी चित्रकाराला तिकिटासाठी याहून चांगले चित्र कुठे मिळणार?

दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते राज्य इंग्रजांचे होते, युद्धही त्यांचेच, असा आक्षेप समितीत निघू शकेल. तो मला मान्य नाही. राज्य कुणाचेही असो, जखमी साथीदाराला वाचवायला जाणारा माणूस आपला होता. मोंतोने या इटलीतल्या गावात 2023 साली घाडग्यांचे स्मारक उभे राहिले, त्यावर सूर्यघड्याळ आहे. तिथले लोक त्यांना स्वतःचे मानू शकतात, मग आपल्याला संकोच कसला?

आता वितरणाचे. स्मारक तिकिटे मर्यादित संख्येने छापली जातात आणि बहुतेक शहरांतल्या फिलाटेली काउंटरवरून माझ्यासारख्या संग्राहकांच्या अल्बममध्ये जातात. ज्या घरांतून जवान गेले, ज्यांच्या दारात पोस्टमन मनीऑर्डर घेऊन यायचा आणि लष्करी टपालाचा 56 एपीओ हा पत्ता असलेली पत्रे यायची, त्या घरांपर्यंत ती पोचत नाहीत. आर्मी पोस्टल सर्व्हिसचे केंद्र कामठीला, तिकिटे छापणारा छापखाना नाशिकरोडला, आणि साताऱ्याकडच्या अपशिंगे मिलिटरी या गावातल्या आजीला मात्र पलटणीचे तिकीट बघायला मिळू नये, हे बरोबर नाही.

म्हणून हे तिकीट रोजच्या वापरातल्या मालिकेत घ्या, म्हणजे ते गावच्या पोस्टातही मिळेल. माहितीपत्रक मराठीतही छापा. प्रकाशनाचा सोहळा बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये जरूर करा, पण त्याच दिवशी माणगावच्या पोस्टातही विशेष शिक्का उपलब्ध ठेवा. पळसगावच्या लोकांना तो घ्यायला दिल्लीला पत्र लिहावे लागू नये.

आपला,
एक तिकीटसंग्राहक