वाण कोणता? नायगावचा प्रश्न, शहरातील डाळ

मे महिना उतरणीला लागला की नांदेड जिल्ह्यातील नायगाव आणि नरसी येथील कृषी सेवा केंद्रांसमोर एकच प्रश्न फिरू लागतो : यंदा वाण कोणता? शहरातील वाचकाला हा प्रश्न शेतीच्या पुरवणीतला वाटतो. प्रत्यक्षात ऑक्टोबरमध्ये खाद्यतेलाचा आणि जानेवारीनंतर तूरडाळीचा भाव ज्या निर्णयांतून आकाराला येतो, त्यांतील एक निर्णय याच फळीसमोर उभ्याउभ्या घेतला जातो. तो घेणाऱ्याच्या हाती असते उसनवारीची रक्कम, हवामान खात्याचा अंदाज आणि शेजाऱ्याच्या रानात गेल्या वर्षी काय पिकले याची आठवण.

पिशवीवरील अक्षरे गूढ वाटली तरी ती बहुधा त्या वाणाचा पत्ता असतात. 'जेएस' म्हणजे जबलपूरचे सोयाबीन, 'एमएयूएस' म्हणजे परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाचे, 'केडीएस' म्हणजे सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रजचे. तुरीतील 'बीडीएन' हे जालना जिल्ह्यातील बदनापूरच्या संशोधन केंद्राचे नाव. कोणता वाण कोणत्या मातीत आणि कोणत्या पावसात निवडला गेला, एवढे तरी या अक्षरांवरून कळते. कृष्णाकाठी गाजलेला वाण गोदावरी-मांजरेच्या खोऱ्यात तसाच येईल असे गृहीत धरता येत नाही. अलीकडे मात्र शेंगांनी लगडलेल्या एकाच झाडाचे मोबाईलवरील चित्रण पाहून बियाण्याची मागणी नोंदवली जाते. एक झाड म्हणजे शेत नव्हे, हे सांगायला कृषी सहायक प्रत्येक बांधावर पोहोचू शकत नाही.

एकेकाळी या पट्ट्याचे खरीप म्हणजे ज्वारी, कापूस, मूग, उडीद आणि त्यांच्या ओळींत तूर. 'सीएसएच-९', 'सीएसएच-१४' या संकरित ज्वारींनी घरात धान्य आणि गोठ्यात कडबा दिला. पण कणसे भरताना पाऊस लागला की दाणा काळा पडतो आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. नव्वदच्या दशकानंतर सोयाबीन आले, शंभर दिवसांत रोख पैसा देऊ लागले आणि खरीप ज्वारी मागे हटत गेली. लातूरच्या तेल गिरण्यांनी आणि बाजारपेठेने या बदलाला बळ दिले. कडबा गेला तशी दावणीची जनावरेही कमी झाली. त्याची नोंद मात्र पीकपेऱ्याच्या तक्त्यात कोठे सापडत नाही.

सोयाबीनमध्ये १९९४ साली प्रसारित झालेल्या 'जेएस-३३५' या एका वाणाने मराठवाड्यावर दीर्घकाळ राज्य केले. तो पंचाण्णव ते शंभर दिवसांत येतो आणि शेतकऱ्याच्या हाताला बसलेला आहे. पिवळ्या मोझॅकपुढे तो टिकत नाही, हे ठाऊक असूनही तो हटत का नाही, याचे उत्तर बियाण्याच्या गणितात आहे. सोयाबीनला हेक्टरी सुमारे ७५ किलो बियाणे लागते. उत्पादन २० क्विंटल धरले तर एका हंगामात बियाणे वाढते जेमतेम सत्तावीस पट. तुरीला हेक्टरी १२ ते १५ किलो पुरतात, त्यामुळे तेथे ही वाढ कितीतरी अधिक. नवा सोयाबीन वाण पैदासकार, पायाभूत आणि प्रमाणित अशा पायऱ्या उतरत शेतकऱ्यापर्यंत यायचा, तर प्रत्येक पायरीला एक हंगाम जातो. परभणीचा 'एमएयूएस-७१' शेंगा तडकण्याचे प्रमाण कमी म्हणून पसंत पडला. त्यानंतर 'एमएयूएस-१५८', यंत्राने काढणीस सोयीचा 'एमएयूएस-१६२' आणि 'एमएयूएस-६१२' आले. दरवर्षी १८ मे रोजी विद्यापीठाच्या वर्धापनदिनी परभणीत खरीप मेळावा भरतो आणि बियाण्यासाठी रांगा लागतात. त्या रांगा विश्वासाच्या आहेत, तशाच टंचाईच्याही आहेत.

वाण योग्य निवडला तरी दाणा जिवंत आहे का, हा वेगळा प्रश्न. सोयाबीनचे टरफल पातळ असते. पोते उंचावरून आपटले, मळणी यंत्र जास्त वेगाने फिरवले किंवा काढणीच्या वेळी पीक भिजले तरी उगवण घटते. २०१९ च्या ऑक्टोबरमधील परतीच्या आणि अवकाळी पावसाने उभे पीक आणि शेतातील गंजी भिजल्या. त्याचे पडसाद २०२० च्या जूनमध्ये उमटले. मराठवाड्यात ठिकठिकाणी सोयाबीन उगवलेच नाही, तक्रारींचा ढीग साचला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. दुबार पेरणी म्हणजे बियाण्याचा, खताचा आणि मजुरीचा खर्च दुसऱ्यांदा. शिवाय हंगामातील दोन आठवडे कायमचे हातचे जातात.

२०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नांदेड-लातूरला अतिवृष्टीने झोडपले. नायगावशेजारच्या मुखेड तालुक्यात तर गावेच पाण्याखाली गेली. अशा पिकातून राखलेला दाणा पेरण्यापूर्वी तपासणे हा केवळ उपचार राहत नाही. कसोटी साधी आहे : ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे आणि आठवडाभराने चांगले कोंब मोजायचे. सत्तर वा अधिक आले तर नेहमीचे प्रमाण पुरते, त्याहून कमी आले तर बियाणे वाढवावे लागते आणि फारच कमी आले तर ते गिरणीकडे पाठवलेले बरे. सोयाबीन हे स्वपरागित पीक असल्याने सरळ वाणाचे घरचे बियाणे दोन-तीन वर्षे वापरता येते. महागड्या पिशवीपासून शेतकऱ्याला वाचवणारा हा मार्ग आहे. पण तो त्याच्या पावसाळी काढणीइतकाच भरवशाचा.

कायद्याचा आधार आहे, पण तो उशिरा पोहोचतो. १९६६ च्या बियाणे कायद्यानुसार प्रमाणीकरण ऐच्छिक आहे. निळ्या खुणचिठ्ठीचे प्रमाणित बियाणे आणि केवळ उत्पादकाच्या हमीवर विकले जाणारे 'सत्यप्रत' बियाणे यांतील फरक अनेक खरेदीदारांना सांगितलाही जात नाही. सदोष बियाण्यासाठी शेतकरी ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला. त्यासाठी पावती, खुणचिठ्ठी आणि पिशवीत उरलेले थोडे बियाणे जपून ठेवावे लागते. उधारीवर माल घेणाऱ्याला पक्की पावती मागणे किती जड जाते, हे खेड्यात राहणाऱ्यालाच कळेल.

तुरीची गोष्ट अधिक शिकवणारी आहे. मर आणि वांझ या दोन रोगांनी हे पीक पोखरले होते. त्यांना दाद न देणारा 'बीएसएमआर-७३६' बदनापूरने दिला आणि मराठवाड्याची तूर सावरली. पण तो घेतो १७५ ते १८० दिवस. भारी काळ्या जमिनीत हे दिवस निभावतात. हलक्या-मध्यम रानात मात्र शेंगा भरण्याच्या वेळीच ओल संपते. म्हणून सुमारे १५० ते १५५ दिवसांत येणारा, पांढऱ्या दाण्याचा 'बीडीएन-७११' तेथे उपयोगी ठरतो. पुढे आलेल्या 'बीडीएन-७१६' आणि 'गोदावरी' या वाणांचा कालावधी या दोहोंच्या मधला आहे. तेव्हा 'चांगला वाण कोणता' या प्रश्नाला 'जमीन कोणती' या प्रतिप्रश्नावाचून उत्तर नाही. मुगाचे तर सारे गणित तारखेवर : साठ-पासष्ट दिवसांचे पीक सणासुदीला पैसा देते, पण पाऊस लांबून जुलैचा पहिला आठवडा उलटला की मूग-उडीद पेरू नये, असा सल्ला आहे. त्या वर्षी ती जमीनही बहुधा सोयाबीनकडे जाते.

पाऊस किती झाल्यावर पेरावे याचा निकष ७५ ते १०० मिलिमीटरचा. तो पाळायला धीर लागतो; शेजारचे तिफण सुरू झाले की तो सुटतो.

या साऱ्यावर बाजाराची छाया असते. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत पोहोचली तेव्हा शहरांत आरडाओरड झाली. पुढच्या हंगामात शेतकऱ्यांनी तूर वाढवली, पाऊसही साथीला आला आणि बोनससह ५०५० रुपये हमीभाव असताना खुल्या बाजारात दर त्याखाली गेले. खरेदी केंद्रांवर बारदाना नव्हता. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये होता. बाजारात तो अनेकांना मिळाला नाही. २०२५-२६ साठी सोयाबीनला ५३२८, तुरीला ८००० आणि मुगाला ८७६८ रुपये जाहीर झाले. कागदावर डाळींचे पारडे जड आहे. तरीही शेतकरी सोयाबीन सोडत नाही, कारण ते शंभर दिवसांत मोकळे होते, यंत्राने निघते आणि मागे हरभऱ्याला रान देते. तूर डिसेंबर-जानेवारीपर्यंत शेत अडवते आणि शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी फवारणी मागते.

सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन, ही आंतरपिकाची शिफारस या पेचावरचा जुना आणि अजूनही सर्वांत शहाणा तोडगा आहे. ती मोडते ती काढणीच्या वेळी. मोठे यंत्र रानात घालायचे तर तूर आडवी येते आणि हाताने कापायचे तर ऐन हंगामात मजूर मिळत नाही. त्यामुळे नायगावच्या दुकानात वाणाचे नाव उच्चारले जाण्यापूर्वीच, गावात कापणीला कोणते यंत्र येणार यावर अर्धी निवड ठरून गेलेली असते.