छतावरच्या विजेचा हिशोब

ईदनंतर आखाडा बाळापूरला एका ओळखीच्या घरी गेले होते. शीरखुर्मा झाला आणि भाभींनी एक कागद पुढे केला. एका एजंटने पाच किलोवॅटच्या सोलरचा भाव लिहून दिला होता : तीन लाख रुपये. "बिल शून्य येईल म्हणतो. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवलेले पैसे आहेत. त्यातून द्यावेत का?"

मी म्हटले, "भाभी, आधी विजेची बिले आणा."

सोलर किती मोठे हवे, हे छत पाहून ठरत नाही, वापर पाहून ठरते. बारा महिन्यांचे युनिट जोडा. एकट्या मे महिन्याचे बिल धरू नका, त्यात कूलर असतो. भाभींच्या घरची बेरीज आली २,६४० युनिट, म्हणजे महिन्याला सरासरी २२०.

आपल्याकडे एक किलोवॅटचे पॅनल दिवसाला सरासरी चार युनिट देते. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. वर्षाला साधारण १,४४०. २,६४० ला १,४४० ने भागा, उत्तर येते १.८. म्हणजे दोन किलोवॅट पुरे! जागा लागते किलोवॅटमागे सुमारे शंभर चौरस फूट. तिथे टाकीची किंवा लिंबाच्या झाडाची सावली नको.

आता पैसे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान मिळते. त्यापुढे कितीही मोठे बसवा, ७८,००० च्या वर पैसा नाही. भाभींना दोन किलोवॅटचा दुसरा भाव मिळाला १,३०,०००. अनुदान ६०,००० वजा जाता घरचे ७०,०००. पाच किलोवॅटला मात्र घरचे २,२२,००० गेले असते. महिन्याला दोन हजार वाचले, तर सत्तर हजार ३५ महिन्यांत वसूल होतात.

"पण जास्त वीज तयार झाली तर विकता येईल ना?" भाभींनी विचारले. दुपारची जादा वीज नेट मीटरमधून महावितरणकडे जाते आणि सेहरीच्या वेळी जळणाऱ्या दिव्यात वळती होते, हा फायदा खराच. पण आर्थिक वर्ष संपताना उरलेल्या युनिटना मिळणारा दर आपण भरतो त्यापेक्षा बराच कमी असतो. विकण्यासाठी मोठे सोलर घेणे परवडत नाही. शिवाय स्थिर आकार राहतोच, म्हणून बिल अगदी शून्य होत नाही.

आणखी चार गोष्टी एजंट सहसा सांगत नाही.

लाइट गेली की बॅटरी नसलेले सोलरही बंद पडते. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला झटका बसू नये म्हणून ही सोय असते. रात्रीच्या दोन पंख्यांसाठी घरातला जुना इन्व्हर्टर पुरतो.

अनुदान नंतर बँक खात्यात येते. आधी पूर्ण रक्कम उभी करावी लागते. बँक कर्ज देते, पण त्यावर व्याज आहे. ज्यांना व्याज नको, त्यांनी रक्कम साठेपर्यंत थांबावे. ऊन कुठे जात नाही.

अनुदानासाठी पॅनल भारतात बनलेल्या सेलचेच हवेत आणि बसवणारा योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला हवा. दोन-तीन जणांचे लेखी भाव घ्या.

आणि बिल कोणाच्या नावावर आहे ते पाहा. भाभींचे बिल अजून मरहूम सासऱ्यांच्या नावावर होते. अर्ज तिथेच अडला असता.

ज्यांचा वापर महिन्याला शंभर युनिटच्या आत आहे, त्यांची वीज स्वस्त दरात बसते, म्हणून खर्च वसूल व्हायला वेळ लागतो. अशा घरांसाठी राज्याने २०२५ मध्ये 'स्मार्ट' नावाची जादा अनुदानाची योजना आणली आहे. आधी महावितरणच्या कार्यालयात तिची चौकशी करा.

भाभींनी काय ठरवले? मुलीची फी आधी. तोवर मीटर नावावर करून घ्यायचे आणि भिशी लागली की दोन किलोवॅट बसवायचे. एजंटचा कागद त्यांनी घडी करून बिलांच्या पिशवीत ठेवला. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आमची बेरीज होती.