आमच्या अक्षरांवर डेमरेज कशासाठी?

अंकाच्या डब्यात नऊ हजार रुपये जमलेत. कुणी हमालीतून दिले, कुणी वीटभट्टीच्या उचलीतून, कुणी शिकवणीच्या फीतून. मागच्या रविवारी आसनगाव स्टेशनबाहेर आपण बसलो आणि या नऊ हजारांवरून भांडलो. सवाल एवढाच होता, की शहापुरात आपण जो जुना कॉम्प्युटर मांडलाय, ज्यावर अंक जुळवायचा, पत्रकं काढायची, हिशेब ठेवायचा, त्यात विकतचं काय घालायचं?

एक दोस्त बोलला, "शंभर रुपयात पेन ड्राइव्हवर अख्खा बाजार मिळतो. क्रॅक मार आणि मोकळा हो."

दुसरा कॉलेजवाला. तो बोलला, "चोरी ती चोरी. मोठ्या कंपनीची वर्षाची वर्गणी भरा. सगळं जग तेच वापरतं."

मी दोघांनाही नाही बोललो. टाळकी तापली, चहा निवला, कसारा लोकल आली आणि आपण उठलो. तिथं राहिलेलं इथं लिहितो. अंगाला लागलं तर लागू दे.

आधी एका म्हातारीची गोष्ट ऐका. मुरबाडकडची, आमच्या भावकीतली. अंगठाबहाद्दर. पण तोंड उघडलं की पन्नास वर्षांचा हिशेब बाहेर. कुणाच्या शेतात किती दिवस राबली, मजुरीचं भात किती मापलं आणि किती मारलं, कुठल्या पाणवठ्यावर हंडा लावू दिला नाही, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना पोर कुठं निजवलं. सुट्टी मिळाली की मी गोदीतून गावाला जायचो आणि ती सांगेल तसं वहीत उतरवायचो. एकशेचाळीस पानं झाली. २०१९ साली कल्याणच्या एका डीटीपीवाल्याकडं टाइप करून घेतली. पानाला पंधरा रुपये. त्यानं सीडी दिली. वही पावसात गेली, तेव्हा मी बोललो, जाऊ दे, सीडी आहे.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्या दुकानाचं शटर पडलं ते पडलंच. २०२१ ला म्हातारी गेली. मग मी सीडी दुसऱ्याच्या मशीनवर लावली. पडद्यावर काय? इंग्रजी मुळाक्षरं, टिंबं, डॉलरच्या खुणा, नुसता भंगार माल. एक मराठी अक्षर नाही. ज्या फॉण्टात टाइप केलं तो फॉण्ट त्याच्या पॅकेजात, ते पॅकेज मशीनला लावलेल्या लॉकवर चालायचं आणि लॉक मशीनबरोबर कुठं विकलं गेलं त्याचा पत्ता नाही. पैसे मी भरले, शब्द म्हातारीचे, चावी तिसऱ्याच्याच खिशात.

हे का झालं ते समजून घ्या. नाहीतर पुन्हा फसाल. जुन्या मराठी फॉण्टांत मशीनला मराठी ठाऊकच नसतं. मशीन आत इंग्रजी अक्षर ठेवतं आणि फॉण्ट त्याला वरून मराठी मुखवटा चढवतो. मुखवटा काढला की आत इंग्रजी कचरा. प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा. एकाचा 'क' तो दुसऱ्याचा भलताच. तुम्ही एका दुकानात शिरलात की आयुष्यभर त्याच दुकानाचे.

याला तोड निघालेली होती. आता गोदीतला माणूस आहे, गोदीतलंच उदाहरण देतो. प्रत्येक कंटेनरच्या अंगावर नंबर असतो, चार अक्षरं आणि सात आकडे. तो न्हावाशेवाला उतरो नाहीतर सिंगापूरला, नंबर वाचला की माल कळला. युनिकोड म्हणजे अक्षरांचा तसाच नंबर. 'अ' चा ०९०५, 'क' चा ०९१५. जगातल्या कुठल्याही मशीनवर, कुठल्याही फोनवर 'क' तो 'क'. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची आणि तिच्यात देवनागरी आहे. म्हणजे कल्याणात माझ्या म्हातारीला मुखवटे चढवले जात होते तेव्हा नंबर पाडून अठ्ठावीस वर्षं झाली होती. तरी धंदा जुन्यावरच. कारण दुकानात जुनं पेजमेकर. त्याची शेवटची सातवी आवृत्ती २००१ ची, त्याला युनिकोड कळत नाही. नवं शिकायला वेळ जातो, जुन्यावर गिऱ्हाईक बांधलेलं राहतं.

यात सरकारचा वाटा नाही असं समजू नका. पुण्यात १९८८ साली सीडॅक उभी राहिली, जनतेच्या पैशावर. तिथं मराठी अक्षरं कॉम्प्युटरवर आणायचं मोठं काम झालं, ते नाकारत नाही. पण तीच अक्षरं पाकिटात घालून आपल्यालाच विकली. पुढं फुकट सीड्या वाटल्या हेही खरं. पण तोवर कचेऱ्या, छापखाने आणि शाळा आपापल्या मुखवट्यात बसून गेल्या होत्या.

आता कॉलेजवाल्या दोस्ताच्या वर्गणीकडं येतो.

गोदीत माल उतरला आणि मुदतीत उचलला नाही की डेमरेज चढतं. माल तुमचा, पण दुसऱ्याच्या शेडमध्ये पडलाय म्हणून रोजचं भाडं. सॉफ्टवेअरची वर्गणी म्हणजे हेच. लिखाण तुमचं, शेड कंपनीची. वर्षाच्या वर्षाला हजारांत भाडं भरा. मायक्रोसॉफ्टच्या वर्गणीवाल्या ऑफिसची मुदत संपली की स्वतःची फाइल बघता येते, तिच्यातला एक काना बदलता येत नाही. अडोबीनं २०१३ साली सरळ सांगितलं, की यापुढं नवा माल वर्गणीवरच. एकदा पैसे भरून कायमचं घरी न्यायची सोय बंद. भाडं थांबलं की हत्यार थांबलं. एकदाच पैसे भरायचं ऑफिस मायक्रोसॉफ्ट अजून विकते, ते खोटं कशाला बोलू? पण दुकानात पुढं कुठलं मांडतात ते जाऊन बघा.

शहापूरकरांना हे मी काय शिकवणार? तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतंय. भातसा आपल्याच तालुक्यात. आणि उन्हाळा चढला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर बायका टँकरची वाट बघतात. पाणी आपल्या डोंगरातलं, नळ दुसऱ्याच्या हातात. पाण्याचं जे झालं तेच अक्षरांचं करायचंय का तुम्हाला, आणि तेही स्वतःच्या खिशातून पैसे भरून?

मुरबाडचं धसई आठवा. १ डिसेंबर २०१६ ला महाराष्ट्रातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून त्याचं उद्घाटन झालं. मंत्री आले, कॅमेरे आले, दुकानादुकानात मशीन आलं. मशीन बँकेचं, लाइन कंपनीची, कार्ड बँकेचं. गावाचं काय? बटण दाबणारं बोट.

म्हणून विकत घेण्याआधी तीन सवाल विचारा. माझं डोकं मॅट्रिकपर्यंतचं, पण हे सवाल कुणाच्या बापाला चुकायचे नाहीत.

पैसे भरायचं थांबलो तर माझं लिखाण उघडेल का, आणि त्यात बदल करता येईल का?

दुसऱ्याच्या मशीनवर, साध्या फोनवर ते मराठीतच दिसेल का?

रेंज नसताना, नेट नसताना, माळशेजच्या पायथ्याच्या एखाद्या वाडीत बसून काम होईल का?

तिन्हींना 'हो' आलं तर पैसे काढा. एकालाही 'नाही' आलं तर डबा बंद.

या मापानं मोजलं तर रोजच्या कामाचं बहुतेक काही विकत घ्यायची गरजच उरत नाही. पत्रं, पत्रकं, हिशेबाचे तक्ते यांना लिब्रे ऑफिस आहे. २०१० पासून जगभरचे लोक मिळून ते चालवतात. फुकट, आणि कायदेशीर फुकट. वर्डची फाइल उघडतं. कधीमधी तक्ता हलतो, तो हातानं सरळ करा, हात झिजत नाही. मराठी टाइप करायला विंडोजमध्येच इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे, ती मांडणी १९८६ ची. आठ दिवस बोटं शिव्या देतात, नंतर पळतात. मुक्ता आणि बलू हे फॉण्ट मुंबईच्या एक टाइपवाल्यांनी केले आणि सगळ्यांना मोकळे सोडले. अंगावर येणारा मथळा हवा तर बलू लावा. पानं लावायला स्क्रायबस आहे, आता त्यात जोडाक्षरं नीट येतात. अँटिव्हायरस विंडोजच्या पोटातच आहे, वेगळा कशाला घ्यायचा? टॅलीचं पाकीट दुकानदाराला लागतं, जीएसटीवाल्याला लागतं. आपल्या नऊ हजारांचा हिशेब तक्त्यात मावतो. आमच्या गोदीत टॅली म्हणजे माल मोजणारा कारकून. त्याला पेन्सिल पुरायची.

आता क्रॅकवाला दोस्त. तू म्हणतोस, कंपन्या लुटतात, मग आपण का नाही लुटायचं? ऐकायला झकास. पण तू लुटत नाहीस बाबा, तू तिची फुकट जाहिरात करतोस. तुझ्या क्रॅकवर दहा पोरं शिकतात आणि दहाही जण तिचेच गुलाम होऊन कचेरीत जातात. ती पोरं मग मालकाला तेच विकत घ्यायला लावतात. क्रॅकमधून कुठला किडा येतो आणि अंकाच्या फायली कधी खातो, त्याला तू जबाबदार राहशील? आणि कायदा वाच. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ ब. चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरलं तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद सोडून नुसता दंड करू शकतं. पण मशीन उचलून न्यायला कोर्टाच्या निकालाची वाट कोण बघतो? ज्यांना आपला अंक बंद पाडायचाय त्यांच्या हातात आपण होऊन काठी द्यायची? अंकातल्या एखाद्या ओळीसाठी आत गेलो तर मान ताठ राहील. पेजमेकरच्या क्रॅकसाठी आत गेलो तर लाज वाटेल.

मग काहीच विकत घ्यायचं नाही? घ्यायचं. एक गोष्ट घ्यायची.

माझ्या म्हातारीची पानं परत आली ती कशानं? उल्हासनगरच्या एका ओळखीच्या कंपोझिटरनं रीतसर पैसे भरून घेतलेलं मराठी पॅकेज होतं. त्यात जुन्या मुखवट्यातलं लिखाण युनिकोडमध्ये आणायची सोय होती. त्यानं फाइल लावली. पहिल्यांदा आलं ते मोडकं. जुन्या फॉण्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारतात, युनिकोडात नंतर. त्यामुळं वेलांट्या भलत्याच अक्षरांच्या डोक्यावर. रफार उडालेले. पाळी संपवून मी त्याच्याकडं जायचो, तीन रात्री बसून दोघांनी ओळ न् ओळ सरळ केली. अकरा पानं आलीच नाहीत. एकशे एकोणतीस आली. दुष्काळ आला, खडी आली, पाणवठा आला. त्या रात्री पडद्यावर ती मला तिच्या बोलीत शिव्या देत होती आणि मी रडत होतो.

असलं पॅकेज विकत घ्या. श्रीलिपी घ्या, आकृती घ्या नाहीतर तिसरं घ्या, मी कुणाचा दलाल नाही. पण एकदाच पैसे, पावती आपल्या नावाची, जुन्यातून युनिकोडात आणणारं, आणि आणलेलं बाहेर मोकळं सोडणारं. तीन सवाल दुकानदाराच्या तोंडावर विचारा आणि आपली एक जुनी फाइल त्याच्यासमोर उघडून दाखवायला लावा. उघडली तरच पैसे. एकट्या शहापूरनं भार कशाला उचलायचा? मुरबाड, कल्याण, उल्हासनगर मिळून घ्या, एका मशीनवर ठेवा, ज्याची फाइल त्यानं घेऊन यावं. उरलेल्या पैशात एक हार्ड डिस्क, म्हणजे प्रत्येक फायलीच्या दोन प्रती दोन गावांत राहतील. आणि जी पोरगी रात्री बसून टाइप करते तिला पानामागं मजुरी. कंपनीला द्यायला पैसे असतात आणि आपल्या पोरीच्या बोटांना नुसतं 'चळवळीचं काम'? हे बंद करा.

पैसे मोजले की अक्षर मिळतं, हा भ्रम आपल्यात तरी नको. ३१ जानेवारी १९२० ला मूकनायक निघाला तेव्हा पैसे देऊन जाहिरात द्यायची तयारी असताना केसरीनं ती छापली नाही. खिळे त्यांचे, मर्जी त्यांची. म्हणून पुढं दादरला बुद्धभूषण छापखाना उभा करावा लागला. बाबासाहेबांनी दुसऱ्याच्या खिळ्यांवर जन्म काढला नाही, आपण दुसऱ्याच्या फॉण्टावर का काढायचा?

मुरबाडच्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ पासून आजीबाईंची शाळा भरते. साठी-सत्तरीच्या बाया पाटी घेऊन बसतात आणि स्वतःचं नाव गिरवतात. माझ्या म्हातारीला ती शाळा मिळाली नाही. ज्यांना मिळाली त्यांचं नाव उद्या आपण मशीनवर घालू, तेव्हा ते वीस वर्षांनी त्यांच्या नातवाच्या फोनवर नाव म्हणूनच उघडलं पाहिजे, डॉलरच्या खुणा म्हणून नाही.

पुढच्या रविवारी परत आसनगावला, त्याच टपरीवर. घरातल्या जुन्या सीड्या, पेन ड्राइव्ह, कुणाच्या बापाची भाषणं, कुणाच्या कविता, मंडळांचे जुने अहवाल, जे काही मुखवट्यात अडकलंय ते घेऊन या. माझं म्हणणं चूक वाटत असेल तर तेही घेऊन या. नऊ हजार डब्यात आहेत, अजून खर्च केलेले नाहीत.