टॉन्सिलनंतरचे दुखणे: गोळी आधी, पण आखणी पंधरवड्याची

टॉन्सिलचे ऑपरेशन म्हणजे लहान मुलांचे, आइस्क्रीम खाऊन चार दिवसांत बरे होण्याचे, असा समज घट्ट रुजला आहे. हाच समज घेऊन तिशी-पस्तिशीतला माणूस ऑपरेशनला तयार होतो आणि पुढे हबकतो. प्रौढांमध्ये हे दुखणे साधारण 10 ते 14 दिवस टिकते. ते रोज थोडे थोडे उतरत जाते, असेही नाही. पहिले दोन-तीन दिवस निभावतात आणि चौथ्या ते सातव्या दिवसादरम्यान घसा पुन्हा पेटतो.

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या रुग्णाला हे वेळापत्रक जास्त जाचते. ऑपरेशन पुण्यात झाले तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. दुखणे टोकाला जाते तेव्हा रुग्ण घरी असतो आणि डॉक्टर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर दूर. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत कंत्राटी काम करणाऱ्याला आठवड्याभरात पाळीवर हजर व्हायचे असते. मग जवळच्या मेडिकलमधून मिळेल ती गोळी घेतली जाते, घोट गिळवत नाही म्हणून पाणी तुटते, घसा कोरडा पडून आणखी दुखतो.

यावर उपाय म्हणून ऑपरेशनच्या आधीच वेदनाशामक देण्याची पद्धत आता रुळली आहे. तिच्यामागचे शास्त्र जुने आहे. जखमेचे संदेश सतत येत राहिले की मज्जारज्जूतील चेतापेशी अतिसंवेदनशील होतात आणि साधा स्पर्शही दुखू लागतो, हे क्लिफर्ड वूल्फ यांनी 1983 मध्ये दाखवले. दुखणे सुरू होण्याआधीच त्याची वाट अडवावी, हा विचार पॅट्रिक वॉल यांनी 1988 मध्ये ठामपणे मांडला. मात्र तेच औषध चिरा देण्याआधी आणि नंतर देऊन तुलना केली, तेव्हा निष्कर्ष संमिश्र आले. औषध कोणत्या क्षणी दिले यापेक्षा त्याचा अंमल किती दिवस अखंड राहिला, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

म्हणून ‘आधी गोळी दिली आहे, आता दुखणार नाही’ हे आश्वासन अपुरे आहे. ती गोळी पहिले काही तास सांभाळते. पाचव्या दिवसाचे दुखणे मात्र उघड्या जखमेचे असते. टॉन्सिलच्या जागेवर पांढुरका थर धरतो आणि तो सुटू लागला की खालचा कोवळा भाग उघडा पडतो. हा थर म्हणजे पू नव्हे. कानातही ठणका लागतो, कारण घसा आणि कान यांच्या संवेदना एकाच चेतातंतूने जातात. तेव्हा कानात तेल घालून काही साधत नाही.

वेदनातज्ज्ञांच्या ‘प्रॉस्पेक्ट’ गटाने 2021 मध्ये दिलेल्या शिफारशी महागड्या नाहीत. ऑपरेशनच्या आधी किंवा दरम्यान पॅरासिटामॉल आणि सूज कमी करणारे वेदनाशामक, भूल देताना शिरेतून डेक्सामेथासोन आणि घरी गेल्यावर पहिली दोन औषधे नियमित चालू. जोडीला मधाचाही त्यात उल्लेख आहे. प्रीगॅबालिनच्या गटातली औषधे ही मूळ औषधे देता येत नसतील तेव्हासाठी. त्यांनी गुंगी येते. दुचाकीवरून जाणाऱ्याला किंवा यंत्रावर उभे राहणाऱ्याला हे आधी सांगायलाच हवे.

खरी गरज आहे ती ऑपरेशनच्या आधीच हातात पडणाऱ्या, मराठीत लिहिलेल्या एका कागदाची. कोणती गोळी, किती वाजता, किती दिवस, हे त्यावर असावे. दुखल्यावर नव्हे, घड्याळाप्रमाणे घ्यायची, हे ठळक असावे. प्रौढांसाठी पॅरासिटामॉलची मर्यादा दिवसाला 4 ग्रॅम आहे. वजन 50 किलोपेक्षा कमी असेल, यकृताचा विकार असेल किंवा दारूची सवय असेल तर त्याहून कमी. सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, त्यामुळे नकळत दुप्पट मात्रा होऊ शकते. मूत्रपिंडाचा आजार, पोटातला अल्सर, दमा किंवा रक्त पातळ करणारी औषधे असतील तर ती आधी सांगावीत. सूज कमी करणारी गोळी सर्वांना चालत नाही. मेडिकलमधून स्वतःहून ॲस्पिरिन घेऊ नये, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पेज, मऊ भात, ताक घोट घोट घेत राहावे. गिळणे थांबवले की घसा आखडतो.

कागदाच्या शेवटी रक्तस्रावाची सूचना हवी. पाचव्या ते दहाव्या दिवसात खपली सुटताना रक्त येऊ शकते. लाल, ताजे रक्त दिसले तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करून रुग्णालय गाठावे. रात्री जवळ कुठे जायचे, हे ऑपरेशनच्या आधीच विचारून ठेवावे.

दुखण्याच्या भीतीने ऑपरेशनच टाळावे, असा याचा अर्थ नाही. वारंवार टॉन्सिल सुजणाऱ्या 453 प्रौढांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ऑपरेशन झालेल्यांचे घसादुखीचे दिवस पुढच्या दोन वर्षांत कमी भरले. फायदा खरा आहे, त्याची किंमत पंधरवडाभर मोजावी लागते. ती आधी सांगणे ही डॉक्टरांची जबाबदारी आहे. सुट्टी किती घ्यायची, हे ‘चार दिवस’ ऐकून ठरवलेल्या कामगाराला सहाव्या दिवशी धीर देऊन उपयोग नसतो. दोन आठवड्यांच्या विश्रांतीचा दाखला आणि औषधांचे वेळापत्रक, दोन्ही ऑपरेशनची तारीख ठरते त्याच दिवशी मिळाले पाहिजे.