सर्व्हरचा सातबारा

मंडळी, हिंजवडी मुळशी तालुक्यात येतं. महसुली भाषेत आपलं तालुक्याचं ठिकाण पौड! तिथला कुठलाही शेतकरी सांगेल, जमीन नुसती कसून भागत नाही, दप्तरी नोंद लागते. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची, बारा म्हणजे त्यात पीक काय. मालक बदलला की फेरफार.

आणि आपण आयटीवाले? डेटाबेस कुठे आहे विचारलं की, "थांब, मेल फॉरवर्ड करतो, आयपी आहे त्यात." प्रत्येकाच्या मशीनवर टीएनएसनेम्स फाईलची वेगळी कॉपी. सर्व्हर हलला की पन्नास जागी बदल. वर शेजारच्याच फाईलीत पासवर्ड, तोही सगळ्यांना मिळून एकच!

माझं मत स्पष्ट आहे. सर्व्हर कुठे आहे आणि तिथे कोणाला प्रवेश आहे, या दोन्ही नोंदी डिरेक्टरीतच हव्यात. ही काही नवी गोष्ट नाही. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी विंडोज २००० बरोबर आली. ओरॅकल सर्व्हरचा पत्ता डिरेक्टरीतून शोधू शकतं. पोस्टग्रेसचे क्लायंटही २००६ च्या ८.२ आवृत्तीपासून एलडॅपला विचारून जोडणीचा तपशील घेऊ शकतात.

नोंद नसली की काय होतं? जानेवारी २००३ मध्ये स्लॅमर वर्म आला. एसक्यूएल सर्व्हरमधल्या त्या भोकाचं ठिगळ मायक्रोसॉफ्टनं जुलै २००२ मध्येच दिलं होतं. पण दुसऱ्याच कुठल्या सॉफ्टवेअरबरोबर आपल्या मशीनवर डेटाबेस इंजिन येऊन बसलंय, हेच अनेकांना ठाऊक नव्हतं. जे आहे हेच माहीत नाही, त्याला कुलूप कसं लावणार?

अर्थात डिरेक्टरी म्हणजे जादूची कांडी नव्हे. साधं एलडॅप वापरलं तर पासवर्ड तारेवरून उघडाच जातो. टीएलएस हवंच, कर्बेरॉस असेल तर उत्तम. शिवाय डिरेक्टरीच बंद पडली तर सगळेच बाहेर, म्हणून तिची दुसरी प्रत पाहिजे. आणि खातं बंद केलं तरी आधीच उघडलेली जोडणी आपोआप तुटत नाही, हेही लक्षात ठेवा.

पण फेरफार एकाच जागी होतो, हा फायदा केवढा! सातबाऱ्यावर मयत आजोबांचं नाव राहिलं की भाऊबंदकी पिढ्यान् पिढ्या चालते. आपल्याकडे नोकरी सोडून गेलेल्याचं खातं राहतं, आणि भांडायलाही कोणी येत नाही. थेट डेटा जातो.

असो. सोमवारी हापिसात एवढंच विचारा: "आपले डेटाबेस नेमके किती, आणि गेल्या वर्षी सोडून गेलेल्यांपैकी कोण अजून आत जाऊ शकतं?" उत्तराला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला, तर सातबारा काढायची वेळ झाली म्हणून समजा.